उजेडात ठेवलेला खडा

८ जानेवारी १९९५, रविवार

खिडकीतला खडा आज पुन्हा पुसला. अंजनीच्या फोटोशेजारीच ठेवला आहे. सकाळचं ऊन त्यातून आरपार गेलं की भिंतीवर फिकट गुलाबी डाग पडतो — नखाएवढा. चहाचा कप घेऊन मी त्या डागासमोर बसते. माझ्या मुलीची सहा वर्षं त्या नखाएवढ्या जागेत आहेत!

शेजारच्या सुंदराबाई डोकावल्या. "टीचर, पोवळं का हो? अंगठी करून घ्या ना."

अंगठी! उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर त्या पुन्हा आल्या नसत्या, आणि कूपनावरचं दूध मला त्याच आणून देतात.

१० जानेवारी

दुखवट्याला कोण आलं, कोण नाही, हे मला अजून पाठ आहे. चामटोली गावची भागीरथी आली नाही. वालाच्या शेंगा घेऊन दारात बसायची, अंजनीच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय उठायची नाही. पोर गेल्यावर बाईने इकडे तोंडही दाखवलं नाही. शेंगांपुरती माया!

१३ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार. कारखान्यांना सुट्टी, म्हणून आमचीही वीज बंद. अंबरनाथचा जुना न्याय.

अशाच एका शुक्रवारी पंख्याविना घामाघूम बसून अंजनीने मला तिचं काम, प्रयोगशाळेत नळीत खडे वाढवायचं, समजावलं होतं. मी जन्मभर शाळेत रसायन शिकवलं, पण तिचं रसायन माझ्या डोक्यावरून जायचं.

"आई, तुझी शाळाच घे. सगळी मुलं तळमजल्यावर. खड्यावर पिवळा प्रकाश मारला की त्यातले रेणू थेट वरच्या मजल्यावर. उतरताना मधल्या मजल्यावर गर्दी करून थांबतात. तेवढ्यात घंटेचा एक बारीक टोला द्यायचा. सगळी एकदम, एका पावलात खाली! तो जो गलका होतो ना, ती मायक्रोवेव्ह, रेडिओसारखी लहर. टोला लहान, गलका मोठा."

"एवढ्यासाठी सहा वर्षं?"

"लोक हे भयंकर थंडीत करतात. मला ते अंबरनाथच्या मे महिन्यात करायचंय."

आणि हसली. वरचे दात किंचित पुढे.

दिवाळीआधी काविळीने गेली. 'लग्न का नाही केलं?' म्हणून जे विचारायचे, ते आता विचारतात, 'औषध कुठलं केलंत?'

१७ जानेवारी

हिंदुराव आला. अंजनीच्याच प्रयोगशाळेतला, राहायला उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात. चांगला मुलगा, पण बूट काढताना भिंतीला हात लावतो. डाग पडतात.

"काकू, हेमचंद्र सरांनी विषय बंद केलाय. लेझर फेब्रुवारीअखेर दुसऱ्या ग्रुपकडे जाणार. तोपर्यंत एक चान्स आहे. अंजनीचा खडा द्या. तांब्याच्या डब्यात बसवतो, प्रकाश मारतो. सिग्नल आला ना, तर रिसर्च पेपरवर पहिलं नाव तिचं. बोले तो, कोणी पुसू शकणार नाही."

मी खिडकीकडे बोट दाखवलं.

तो उठून जवळ गेला. खडा उचलून उजेडासमोर धरला.

"हा इथे कधीपासून?"

"ती गेली तेव्हापासून."

"उन्हात?"

"मग काय कपाटात कोंडू?"

"काकू... हा जांभळट होता. गडद. आता बघा, पाण्यासारखा होत चाललाय. रंग म्हणजेच ते रेणू. चिमूटभरच असतात. ऊन आणि हवा लागत राहिली की मरतात."

"प्रकाशावर चालणारी वस्तू प्रकाशानेच मरते? हे कसलं शास्त्र!"

"क्षणभराच्या प्रकाशावर चालते, काकू. दिवसभराच्या नाही." मग हळूच, "ती हा कॅमेऱ्याच्या फिल्मच्या काळ्या डबीत ठेवायची. ती डबी आहे का?"

आहे. मी तिच्यात सुया ठेवल्या आहेत.

१८ जानेवारी

सुया काढल्या. खडा डबीत घातला. झाकण लावलं.

आता, एवढ्या उशिरा!

२२ जानेवारी, रविवार

पहाटे आठवलं. आजारी पडण्याआधी घरी आली तेव्हा म्हणाली होती, "दोन निघाले, आई. एकाच नळीतून. जुळे!"

दोन! मग दुसरा कुठे? कपाट, गादी, पुस्तकांमागची जागा, तिच्या जुन्या चपलांचं खोकं — सगळं उपसलं. नाही.

माझ्या घरात नाही, म्हणजे कुणीतरी ठेवून घेतला. आणि कुणी, हे मला कुणी सांगायला नको.

२५ जानेवारी

अंजनीच्या संस्थेत जाऊन आले. हेमचंद्र सरांच्या खोलीत थेट शिरले. अंजनीचे मार्गदर्शक! प्रयोगशाळेतलं तिचं कपाट रिकामं करायला लावणारा मार्गदर्शक.

"माझ्या मुलीचा दुसरा खडा द्या."

"बाई, आमच्याकडे नाही. तिचं सामान तिने स्वतः नेलं."

"न्यायला तुम्ही लावलंत."

"जागा हवी होती. तिचं काम चांगलं होतं, पण—"

त्या 'पण'नंतर मी त्यांना बोलू दिलं नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरने छडी मारून शिकवलेलं सगळं इंग्रजी त्या खोलीत खर्च केलं. चोर म्हटलं. तेही 'सर' लावून. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला होता, चहा निवेपर्यंत.

येताना वाटलं, जिंकले. घरी आले, कुलूप काढलं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

हिंदुरावने फिकट खडाच लावून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला म्हणे. पडद्यावर सरळ रेघ. टोला दिला, गलका नाही.

"वरचा थर तासला, काकू. आतही रंग उरला नाही. पातळच होता तो. तुमची चूक नाही."

चूक नाही म्हणे! रोज सकाळी मऊ फडक्याने पुसत होते मी. धूळ बसू नये म्हणून. ऊन नीट पडावं म्हणून पडदा बाजूला सारत होते. दर सकाळी थोडी थोडी मारत होते तिला — आणि चहा पीत बघत होते.

४ फेब्रुवारी

काही लिहायचं नाही.

११ फेब्रुवारी

खिडकीला जाड चादर लावली. सुंदराबाई म्हणाल्या, "टीचर, घरात असा काळोख बरा नाही हो. माणूस खचतं." म्हटलं, ज्या गोष्टीला काळोख हवा होता तिला मी दिला नाही, आता मला तरी राहू द्या.

त्यांना काही कळलं नाही. भाजीची वाटी ठेवून गेल्या. शेवग्याच्या शेंगा. अंजनीला आवडायच्या. तशीच झाकून ठेवली.

१९ फेब्रुवारी, रविवार

हिंदुरावचा फोन सुंदराबाईंकडे आला. अठ्ठावीसला लेझर हलवणार, नक्की झालं. "दुसरा सापडला का, काकू?"

नाही सापडला. हेमचंद्र सरांना पोलिसात खेचावं असं मनात येतं. मग वाटतं, खेचून काय? पोर काही पोलिसांकडून परत मिळणार नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

भागीरथी आली! काठी टेकत. दिवाळीआधी बांधावरून पडून पाय मोडला, तेव्हापासून घरातच होती. दारातूनच हाक — "बाय, पोर कुठं हाय? डबी न्यायला येते बोलली, आलीच नाय."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी फोटोकडे बोट केलं. ती उंबऱ्यावर बसली. पदर तोंडात कोंबला.

मग ओटीतून एक काळी डबी काढली. चिकटपट्टीने गच्च बंद. पट्टीला तांदळाचा कोंडा.

"कणगीत ठेवली व्हती, तांदलात. पोर बोलली, मावशे, काळोखात ठेव. माझ्या आयशीच्या हातात देऊ नको, ती काढून काढून बघंल."

संध्याकाळी हिंदुराव येऊन घेऊन गेला. जिन्यात थांबला. "रंग आहे ना, काकू?"

मला काय माहीत! मी डबी उघडली नाही.