तळ्याकाठी काय झालं

ताई,

परसात जाऊ नकोस, रक्त अजून धुतलेलं नाही.

आपण चौघांनी खणलेल्या तळ्यात आज पाणी सोडलं, आणि ते खाली जिरायला लागलं. तळाला अंथरताना प्लास्टिक धाकट्याच्या हातून फाटलं होतं. "दुसरं आणू की, बाबा," एवढंच तो म्हणाला. बाबांनी त्याची मानगूट धरली आणि तोंड गढूळ पाण्यात दाबलं. मी ओरडले, त्यांचे हात ओढले, पाया पडले. सोडेनात. पोर पाय झाडायचं थांबलं, तेव्हा मी फावडं उचललं आणि बाबांनी त्याला सोडेपर्यंत त्यांच्यावर घालत राहिले.

धाकटा शुद्धीवर आहे, आत पडलाय. छातीत घरघर वाटली तर तडक डॉक्टरकडे ने. बाबांना शेजारच्या काकांनी दवाखान्यात नेलंय. खांदा मोडलाय, जीव शाबूत आहे. मी आपल्या पायांनी पोलीस चौकीत चाललेय.

धाकटा म्हणतोय, "मीच मारलं म्हणून सांगतो." त्याला तोंड उघडू देऊ नकोस. आत्या येऊन विचारेल, घरची अब्रू चव्हाट्यावर का मांडली? तिला म्हणावं, तुझ्या भावाला मारलं ते आईनंच, आणि त्यांनी पुन्हा पोराच्या अंगाला हात लावला तर पुन्हा मारेल.

आई