नदीच्या वळणापर्यंत जाणारी सायकल

बाबा, मी सायकल घेतली.

तुम्हाला हे कसं सांगावं, याचा विचार करत आज रजा टाकून सकाळपासून स्वयंपाकघरात बसले आहे. माझे केस आता तुमच्या अखेरच्या दिवसांतल्या केसांपेक्षा पांढरे झालेत, तरी एवढं एक वाक्य लिहायला इतका वेळ लागला. आपल्या घरात सायकलचं नाव पुष्कळ वर्षं कोणी काढत नसे. कारण तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही.

मी तेव्हा सातवीत असेन. थंडीचे दिवस होते. आईने राम घाटावरच्या गुरुजींकडे आजोबांच्या श्राद्धाचा निरोप द्यायला मला सायकलवरून पाठवलं होतं. निरोप देऊन झाला आणि मी घराकडे वळायच्या ऐवजी नदीच्या कडेकडेने पुढे निघाले. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही. घाटाच्या पायऱ्या संपतात, मंत्रांचे आणि घंटेचे आवाज मागे राहतात, मग कच्ची वाट लागते, हरभऱ्याची शेतं लागतात, आणि एका ठिकाणी शिप्रा वळते. तिथे पाणी वाहतच नाही असं वाटतं. पलीकडच्या काठावर बाभळीचं झाड आहे आणि त्यावर धुऊन वाळत घातलेल्या रुमालांसारखे पांढरे बगळे बसलेले आहेत. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि परतताना सायकलची चेन तुटली. अर्ध्या वाटेवर समोरून तुम्ही चालत येताना दिसलात, तारघरातल्या नोकरीचे कपडे तसेच, चपला चिखलाने भरलेल्या. तुम्ही माझ्या हातातून हँडल घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "आता सायकल बंद." त्याच आठवड्यात सायकल देवासच्या काकांकडे गेली.

मी रडले नाही, भांडले नाही. पण तुमच्याशी बोलताना मनात एक दार लोटलेलं राहिलं. कॉलेज झालं, लग्न झालं, तरी ते तसंच होतं. मग तुमचा तो शेवटचा हिवाळा आला. तुम्ही गॅलरीत उन्हात शाल घेऊन बसलेले, आई शेजारी मटार सोलते आहे, मी माहेरी आलेली. आणि तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "त्या दिवशी कुठवर गेली होतीस गं?" कोणता दिवस, ते विचारावं लागलं नाही. मी वळण सांगितलं, थांबलेलं पाणी सांगितलं, बगळे सांगितले. तुम्ही लहान मुलासारखे ऐकत होतात. "तू मला अर्ध्यातच भेटलीस," तुम्ही म्हणालात, "पुढे काय आहे ते बघायचं राहूनच गेलं." मग म्हणालात, "रागावलो नव्हतो गं मी. घाबरलो होतो. खानदेशातून नोकरीसाठी इथे आलो, घाटापुढे नदीकाठचं एक माणूस ओळखीचं नाही, कोणाला विचारणार?" आईचे मटार सोलणारे हात थांबले होते.

आता आमचे हे गेल्यापासून माधव नगरचं घर फार शांत झालंय. लेक बेंगलोरहून फोनवर म्हणते, स्कूटर आहे ना, या वयात सायकल कशाला. मी तिला काही समजावत बसले नाही. दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मैडम, रोड पे चलाओगी या कच्चे में?" मी म्हटलं, "दोनों जगह. रोज ऑफिस, इतवार को नदी किनारे." त्याने आधी बारीक टायरची काढली. ती पाण्यासारखी सरकते, पण दुकानासमोरच्या खोदलेल्या रस्त्यावर तिने माझे दात वाजवले. मग जाड टायरची, पुढेमागे धक्के झेलणारे शॉकर असलेली. ती खड्ड्यांवरून मऊ जाते, पण सपाट रस्त्यावर वाटतं, आपण मागे आणखी कोणाला तरी ओढत चाललोय. तिसरी या दोघींच्या मधली. तिला तो हायब्रिड म्हणाला. सरळ हँडल, त्यामुळे पाठ वाकत नाही. टायर ना बारीक ना जाड, मातीत धरतील इतपत नक्षीचे. डब्याची पिशवी ठेवायला मागे कॅरिअर लावता येतं, कुर्त्यावर चिखल उडू नये म्हणून मडगार्डही बसतं. पुढे शॉकर असलेली घ्या, असा त्याचा आग्रह होता. मी बिनशॉकरची उचलून पाहिली. घराच्या पायऱ्या मला एकटीलाच चढवायच्या आहेत, तेव्हा हलकी बरी. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले तर मधला दांडा अंगाला लागत होता, म्हणून लहान मापाची मागवली. करड्या रंगाची आहे. तुम्हाला आवडली असती.

सकाळी ई-रिक्षा आणि यात्रेकरूंच्या बस यांच्या मधून, पोह्यांच्या वाफेतून मी ऑफिसला जाते. पहिल्या दिवशी प्रत्येक हॉर्नला उतरून कडेला उभी राहिले. आता मागून हॉर्न वाजला तरी पेडल मारत राहते.

आणि काल रविवारी, दुपार कलल्यावर, मी घाटापुढे निघाले. बऱ्याच लांबपर्यंत आता सिमेंट झालंय. ते संपलं की चाकांखालचा आवाज बदलतो, मऊ, कुजबुजल्यासारखा होतो. वळण आलं. ते तेच होतं का, खात्री नाही. बाभूळ नव्हती, बगळेही नव्हते. पण पाणी तसंच थांबलेलं, आणि त्यावर धुरकट सोनेरी ऊन. मी काठावर बसले आणि तुम्हाला सगळं सांगत गेले, तोंडाने नाही, नुसती बघत. एक नाव गेली, तिचा आवाज ती गेल्यावर आला. पलीकडे कोणी म्हशी हाकत होतं, दिसत नव्हतं. पाणी आणि आभाळ यांच्यात फरक उरेनासा झाला, तेव्हा उठले.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, आणि मला ती शोधायचीही नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. काल घरी पोचायला चांगलाच अंधार झाला. कुलूप काढण्याआधी मी फाटकाशी सायकल धरून उगीच थोडा वेळ उभी राहिले. कोणीतरी बाहेर येऊन मला रागवावं, असं वाटत होतं.