आतून उघडणारं कुलूप

प्रिय आकांक्षा, माझे अक्का,

जय भीम. हे पत्र मी बोलून राहिले आणि तुझी आई लिहून राहिली. अक्षर सुरेख दिसलं तर ते तिचं, आणि वाचताना हसू आलं तर ते माझं. मी 'काहून' म्हटलं की ती 'का' लिहिते. मी म्हटलं, राणी, सासूचं बोलणं दुरुस्त करायची ही बरी सोय सापडली तुला. ती हसली, पण हे वाक्य तिनं कागदावर उतरवलं का गाळलं, ते मला कसं कळावं? तू घरी आलीस की वाचून दाखव, मग बघते तिच्याकडं.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं 'बरं' म्हणून ठेवून दिला, त्याचा राग धरू नकोस. फोन शेजारच्या सोनाजीच्या घरी. मी कानाला लावला की त्याच्या घरातली लहानथोर माणसं टीव्हीचा आवाज बारीक करतात. त्यांच्यासमोर काय बोलू? तू म्हणालीस, हिंगोलीच्या त्या पतसंस्थेचा मालक ऐकत नाही. त्याला तारणाच्या सोन्याच्या खोलीला दोन्ही बाजूंनी किल्लीचंच कुलूप पाहिजे, आणि किल्ली खाली बसणाऱ्या मॅनेजरकडं. तू निवडलेलं आतून उघडणारं कुलूप नको. तुझा साहेबही म्हणतो, गिऱ्हाईक मागतं ते दे. आणि तू म्हणालीस, आजी, सोमवारी बैठकीत मी कुलूप बदलल्याच्या कागदावर सही करून टाकते, नाहीतर हे काम जाईल, कदाचित नोकरीही. तेव्हा माझं ते 'बरं' सोनाजीच्या घरच्यांसाठी होतं. तुझ्यासाठी हे पत्र आहे.

आधी घरची खबर. हळद शिजवून वाळत घातलीय. अंगण पिवळं, उंबरा पिवळा, कुत्रंसुद्धा पिवळं होऊन फिरतं आणि तुझा बाप त्याच्यावर खेकसतो, जणू त्यानंच उकळली हळद. शिरड शहापूरचे पाहुणे तुझ्या सोयरिकीसाठी येऊन गेले. मुलगी काय करते, म्हणाले. तुझ्या बापानं छाती फुगवून सांगितलं, औरंगाबादेत इंजिनिअर आहे. म्हणजे नेमकं काय करते? तुझ्या बापानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मोठमोठ्या इमारतींतल्या बंदोबस्ताच्या खोल्यांना कुलपं निवडते. पोराची आई हळूच म्हणाली, एवढं शिकून कुलपंच का? मी म्हटलं, बाई, आधी ते कुलूप बघून या, मग पोराला दाखवायला आणा. अजून निरोप नाही. माझ्यावर खापर फोडू नकोस, त्या पोराचे कान फोटोत तसेही फार मोठे दिसले.

पण खरं सांगते, तू मला हिंगोलीला नेलंस त्याआधी मीही त्यांच्यासारखीच होते. मला वाटायचं, कुलूप म्हणजे काय, हातात घ्यायचं, वजन बघायचं, किल्ली फिरवून बघायची आणि कमरेला खोचायची. पतसंस्थेच्या त्या काचेच्या इमारतीत तू मला दुसऱ्या मजल्यावर नेलंस आणि एका राखी रंगाच्या दारासमोर उभं केलंस. ना नक्षी, ना पितळ, ना कडी. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी या पोरीनं मला एसटीत धक्के खायला लावले! मग तू सांगायला लागलीस, आणि मी कान देऊन ऐकत राहिले.

असंच दार आणि हेच कुलूप भट्टीच्या तोंडाला बसवतात म्हणालीस, आणि तासन्‌तास जाळतात. लोक पगार घेऊन दारं जाळतात, हे मी या वयात ऐकलं! आतून ज्वाळा, आणि अलीकडं माणूस उभा राहून वही लिहितो. हलक्या धातूचं कुलूप असलं तर ते मेणासारखं गळतं, चौकटीत अडकणारी त्याची जीभ सुटते, तापलेलं दार वाकतं आणि त्या फटीतून आग बाहेर येते. म्हणून कुलपाच्या पोटातला बारीक खिळासुद्धा तापून नरमणारा चालत नाही. आणि दार एका घरचं, कुलूप दुसऱ्या घरचं, असंही चालत नाही. दोघांची परीक्षा एकत्र झालेली पाहिजे. मी म्हटलं, आपल्या सोयरिकीत लोक इतकं बघत नाहीत गं. तू हसलीस, पण मी थट्टा करत नव्हते.

मग तू चौकटीच्या खाचेतली ती काळी पट्टी दाखवलीस. बोटाला ती रबरासारखी लागली. म्हणालीस, ताप लागला की ही फुगते आणि दाराभोवतीची फट बुजवते, म्हणजे धूर पलीकडं जात नाही. मी किती वेळ त्या पट्टीवर बोट फिरवत होते. वर्षानुवर्षं मुकाट पडून राहायचं, कुणी बघायचं नाही, कुणी नाव घ्यायचं नाही, आणि बरोबर त्या घडीला जागं व्हायचं. तिला कोण सांगत असेल गं, आता ऊठ म्हणून? तू काहीतरी सांगितलंस, मला समजलं नाही, पण माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवतो.

आणि मग ते कुलूप. बाहेरून किल्लीशिवाय हत्ती आला तरी उघडायचं नाही. दार आपसूक लागतं, जीभ आपसूक बसते. पण आतून? आतून नुसतं हँडल खाली दाबायचं. ना किल्ली, ना वीज, ना कुणाची परवानगी. मी म्हटलं, अगं येडे, मग चोर आत सापडला तर तोही निघून जाईल की! तू म्हणालीस, जाऊ दे आजी, चोराला नंतरही पकडता येतं. मी तुझ्या तोंडाकडं बघतच राहिले. कुणीतरी कुठंतरी बसून असं कुलूप केलं की ज्यात चोराच्याही जिवाचा विचार आहे. सोन्याची राखण करणाऱ्या वस्तूला एवढी माणुसकी येते कुठून? मी पुष्कळ शिकलेली माणसं बघितली, त्यांच्यात नाही दिसली.

मग मी तुला म्हटलं, मला आत ठेव आणि दार लाव. तुला गंमत वाटली. दार लागलं, बाहेरचा आवाज तुटला, आणि मी हँडल दाबलं. उघडलं. पुन्हा लावायला सांगितलं. डाव्या हातानं दाबलं. मग डोळे मिटून, चाचपत. मग खाली बसून, नुसत्या कोपरानं. प्रत्येक वेळी उघडलं. बाहेरचे सुतार हसून राहिले होते, म्हातारीला खेळणं सापडलं म्हणून. तू म्हणालीस, आजी, चल, एसटी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. आणि तू विचारलंस, आजी, रडतेस का? मी सांगितलं, रंगाचा वास डोळ्यांत गेला. तू शिकलेली पोरगी, पण थापा लवकर खऱ्या मानतेस.

तुला मोतीबाई माहीत नाही. तिचा फोटो नाही. ती माझी थोरली जाऊ, तुझ्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. तिचं नाव निघालं की तुझे आजोबा उठून बाहेर जायचे, म्हणून घरात नाव काढणंच बंद झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता यायची नाही. माझी फाटकी भाकरी सासूला दिसायच्या आत ती आपल्या भाकरीखाली सारायची आणि वर मलाच म्हणायची, काय गं सोजरे, माहेरी काय नुसतं गाणं शिकवलं का? उंच होती, वाकून दारातून शिरायची. ती हसली की चार घरं पलीकडं कळायचं.

आम्ही दोघी कळमनुरीच्या वाटेवर एका वखारीत कापूस निवडायला जायचो. पत्र्याची लांब वखार, एकच दार. बाई पाण्याला म्हणून बाहेर आली तरी देवला मुकादम तिला पदर झटकायला लावायचा, ओटी उलटी करून दाखवायला लावायचा, कापूस चोरला का म्हणून. गाडीवान बघत उभे राहायचे. त्या शरमेनं बाया दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. मग पुढं बाहेरून कुलूप लागू लागलं. सकाळी आत जायचं, सांजेला मुकादम उघडायचा आणि एकदाच कापूस तोलून घ्यायचा. पदर झटकणं बंद झालं. आम्ही खूश होतो, अक्का. खोटं काहून बोलू, खूश होतो.

त्या दिवशी तुझा बाप तान्हा, तापानं फणफणला होता. मला निघायला उशीर झाला. पोचले तर कुलूप पडलेलं, आणि मुकादम किल्ली घेऊन कळमनुरीच्या बाजाराला गेलेला. मी लेकराला मांडीवर घेऊन दाराला टेकून बसले. आतून मोतीबाई दाराशी येऊन बोलायला लागली. म्हणे, आली का गं महाराणी? आमी हितं राबतो अन् तू सावलीत बस. मी म्हटलं, कुलूप काढ, येते. ती म्हणाली, किल्ली मुकादमाच्या मिशीत अडकलीय, आणून दे. आतल्या बाया हसल्या. ते हसू माझ्या कानात असतानाच धुराचा वास आला. पलीकडच्या टोकाला कापूस पेटला होता. कशानं, ते कुणालाच कधी कळलं नाही.

मी दगड घेऊन कुलपावर घाव घातले. कुलूप चांगलं होतं. मालकानं मुद्दाम हैदराबादेहून आणलेलं. शेतातली माणसं धावत आली, त्यांनी बाजूचे पत्रे उपसले आणि बाया ओढून काढल्या, बऱ्याचशा जिवंत. पण आंधळ्या धुरात माणूस दाराकडंच जातं, कारण दारातून बाहेर जातात हेच त्याला ठाऊक असतं. मोतीबाई दारापाशी होती. मधे एक फळी, अलीकडं मी. ती म्हणाली, सोजरे, लेकरू घेऊन लांब सर, धूर लागंल त्याला. मग ती बोलली नाही.

तुझी आई लिहायची थांबली होती. मी म्हटलं, लिही, आता थोडंच राहिलं.

आता हे पत्र काहून, ते सांगते. मालकाचं मला नवल नाही, सोनं ठेवणारा कुलूप मागणारच. साहेबाचंही नाही. पण फोन ठेवता ठेवता तू एक बोललीस, ते माझ्या पोटात घुसून बसलंय. तू म्हणालीस, आजी, त्या खोलीत दिवसभर बसणार आहेत त्या पोरीच म्हणून राहिल्या, बाहेरून कुलूप लावा, म्हणजे काही कमी-जास्त झालं तर आमच्यावर आळ नको. त्यांचीच ना नाही तर मी कशाला भांडू? अक्का, वखारीत देवला मुकादमाला 'आमच्या पदराला हात लावू नका, त्यापरीस कुलूप लावा' असं ठणकावून सांगणारी मोतीबाईच होती. आम्ही सगळ्यांनी तिला शाबासकी दिली, तिच्यासारखी हिंमतीची बाई आमच्यात दुसरी नव्हती. इज्जतीपायी माणूस स्वतःहून कोंडून घेतं, त्याला त्यात शहाणपण वाटतं, आणि ते शहाणपणच असतं, आग लागेपर्यंत. त्या पोरीही चांगल्याच असतील. म्हणून त्यांना विचारून ठरवू नकोस. सोमवारी मालकाला सांग, दाराबाहेर पहारेकरी बसव, कॅमेरे लाव, सांजेला सोनं दोनदा तोल, पण आतलं हँडल काढायचं नाही. नाही ऐकलं तर सही न करता उठून ये. कामावरून काढलं तर कुरुंद्याची गाडी पकड. इथं हळद भरायला माणूस कमीच आहे आणि मोठ्या कानाचा तो पोरगाही अजून रिकामा असेल. तुझी नोकरी गेलेली मला चालेल. त्या पोरींपैकी एखादीनं धुरात दार शोधलं आणि ते तिच्या हातानं उघडलं नाही, हे नाही चालणार.

राणीच्या हातानं, पण जिभेनं मात्र
तुझीच,
सोजरा आजी