चढावरची चाल

पुणे, शनिवार संध्याकाळ, २००५

कॉम्प्युटरच्या दुकानात मालकानं आज दोन ग्राफिक्स कार्डं समोर ठेवली. म्हणले, "गण्या, डिझाइनच्या कॉम्प्युटरला कोणतं बसवू? सांग." मी आठवी नापास, खोक्यावरचं इंग्रजी मला काय कळणार? मशीनचं एकच भारी ड्रॉइंग दोन्हीवर उघडलं अन् फिरवत राह्यलो. खोक्यावर गेमचं चित्र होतं ते कार्ड आधी पळालं, मंग अडखळाया लागलं. दुसरं हळू, पण एका चालीत फिरलं. तेच सांगितलं.

"कुठं शिकला रे हे?" मालक हसले.

भोकरदनच्या बैलबाजारात. बा कधी नुसती शिंगं बघून बैल घेत न्हाई. भरल्या गाडीला जुंपून चढावर नेतो. तो पुढं हाकायचा, मी मागून धुळीत पळायचो. "डावा कसा चालतो रे?" मी सांगितल्याबिगर सौदा व्हायचा न्हाई. काय मजा होती त्या चढाची.

आज बा एकटाच बाजारात गेल्ता. मोतीबिंदूनं दिसत न्हाई म्हणून मला ये म्हणला होता. मी म्हणलं, काम हाय.

आताच त्याचा फोन आल्ता. जोडी घेतली म्हणे.

"चढावर चाल कुणी बघितली, बा?"

"कोण बघणार? विकणाऱ्यालाच इचारलं."