चार नंबरची केळी आणि स्विचचा राहता पत्ता

असोदा,
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन दिवस कमी

आदरणीय हिलालनाना,

असोद्याहून अमृतचा नमस्कार. (नात्याने मी जवाई, म्हणून मान माझा, वयाने तुम्ही थोरले, म्हणून नमस्कार तुम्हाला. काटा बरोबर मध्ये आहे.) आपला गुडघा, अक्कांचा रक्तदाब आणि दारातल्या लिंबाला बांधलेला झोका, तिघेही आपापल्या जागी ठीक असावेत अशी आशा करतो. इकडे मी उत्तम. आपली बहीण आखाजीसाठी माहेरी आल्यापासून या घरात इतकी शांतता आहे की भिंतीवरचं घड्याळ आता माझ्याशी वाद घालतं. स्वयंपाक स्वतः करतो. चहा बिनसाखरेचा घेतो, केवळ प्रकृतीसाठी. या वयात माणसाने साखर सोडावी हे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे, आणि आता कोणी आडवं येणारं नसल्यामुळे ते जमलं, एवढंच.

फोन न करता पत्र का, असं आपण विचाराल. आपल्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची पद्धत आहे, आणि आखाजीला तो ओटा रिकामा नसतो. मागच्या खेपेला मी आपल्याला एकट्याला म्हणून पोटाची तक्रार सांगितली, तर निम्म्या गल्लीने मला ओवा सुचवला. म्हणून हे पत्र भटूच्या टेम्पोतून पाठवतो. तो आज धुळ्याला येतोय, उद्या परत निघेल. सोबत केळीचं एक कॅरेट आहे. प्रेमाची भेट समजून आजच संपवावं. आजच का, ते पुढे येईल.

आता मुद्दा. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडून सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढून घेतली जाणार आहे. मेहरूणला अभयकुमार शेठची केळी पिकवायची चेंबरं आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. सावद्याहून हिरवा माल येतो, आमच्याकडे थंडाव्यात ठेवून पिवळा करून पुढे जातो. त्या सगळ्या चेंबरांचं तापमान, गॅस, दारं, कॅमेरे माझ्या एका सर्व्हरवर चालतात. मी कुठल्या क्लासची पायरी चढलेलो नाही. रेडिओ उघडता उघडता टीव्हीत शिरलो, टीव्हीतून संगणकात, आणि तिथून बाहेरच पडलो नाही. पण शेठचे चिरंजीव अर्पितशेठ पुण्याला मॅनेजमेंट शिकून आले आहेत. तिथे त्यांना असं शिकवलं आहे की जे काम आपल्या माणसाला येतं, ते पुण्याच्या माणसाला जास्त येतं. त्यांनी मला सांगितलं आहे, "काका, आखाजीपर्यंत सगळं होतं तसं करून दाखवा, नाहीतर किल्ली किरणसरांकडे." हे किरणसर कोण आणि सगळं बिघडलं कसं, ते सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगणं माझ्या स्वभावात नाही.

आपण जन्म विजेच्या खांबावर काढला, म्हणून आपल्याला चटकन कळेल. आमच्या सर्व्हरच्या पोटात बरेच संगणक असल्याचं सोंग आहे. एक चेंबर सांभाळतो, एक कॅमेरे, एक ऑफिस, एक बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या मोबाइलचं इंटरनेट. सोंगातल्या या संगणकांना एकमेकांशी बोलायला वायर लागते, आणि वायरी एकत्र यायला स्विच लागतो. तोही सोंगातलाच, म्हणजे एक प्रोग्राम. हात लावायला गेलात तर तिथे काही नाही, पण नसला तर सगळा कारभार बंद. (आमच्या ऑफिसात अशा जागा आणखी आहेत, पण त्यांचा पगार निघतो.) कोणी कोणाशी बोलायचं आणि कोणी कोणाचं ऐकायचंसुद्धा नाही, हे त्या स्विचला मी एकेक ओळ लिहून शिकवलं होतं. आणि हा स्विच मी तयार आणलेला नव्हता. आपण काळा मसाला घरी कुटणारी माणसं. मी त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, उतरवून घेतला आणि इथे, आपल्या मशीनवर, स्वतः बांधला. असा घरी बांधलेला स्विच आपलं चंबूगबाळं एका ठरावीक ठिकाणी ठेवतो. चालू असतानाच्या फायलींच्या फोल्डरचा पत्ता म्हणाल तर मु. रन, पो. व्हार, ता. लोकल, जि. यूएसआर. बाजारातला तयार स्विच मात्र तालुका-जिल्हा मानत नाही, मु. रन, पो. व्हार, संपलं.

मी आपल्या बहिणीला धुळ्याला सोडायला आलो होतो तो दिवस आठवा. (मी ओट्यावर बसून मोबाइलवर काही महत्त्वाचं वाचत होतो, आणि ती बॅग रिकामी करता करता मला काहीतरी लांबलचक सांगत होती. मी नेमाने मान डोलावत होतो. तीस वर्षांच्या संसारात कधी तक्रार आली नाही असं म्हणणार नाही, पण पद्धत टिकून आहे.) त्याच दिवशी इकडे अर्पितशेठनी पुण्याचे किरणसर बोलावले. किरणसरांनी माझा स्विच पाहिला, "हे जुनं आहे" म्हणाले (स्वयंपाकघरात शिरून पाहुण्याने वरणाला जुनं म्हणावं, तसं), आणि बाजारातला तयार स्विच शेजारी बसवून, कढी-खिचडी खाऊन, संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेले. माझा काढला नाही. मला सांगितलंही नाही. एका शिवारात विजेच्या दोन डीपी झाल्या, नाना! लाइट एकीवरून चाललेली, आणि वायरमनला फक्त दुसरी ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतो तर ऑफिसच्या टीव्हीवर, जिथे चेंबरांचे आकडे दिसायचे, तिथे कोणाच्या तरी हळदीतला डीजे चालू. बाहेर बाकावर बसलेल्या सावद्याच्या व्यापाऱ्याने आपल्या मोबाइलवर व्हिडिओ लावला होता आणि तो सरळ आमच्या भिंतीवर अवतरला होता. म्हणजे ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही असे सगळे एका पंगतीत बसले होते. मी शांतपणे खुर्चीत बसलो आणि स्विचला हुकूम दिला, पाहुण्यांना वेगळं कर. स्विच म्हणाला, केलं. डीजे चालूच. पुन्हा हुकूम. पुन्हा, केलं. इतका आज्ञाधारक स्विच मी आयुष्यात पाहिला नाही. दिवसभर मी सांगत होतो आणि तो करत होता आणि भिंतीवर वरमाय नाचत होती. कारण उघड आहे. मी माझ्या स्विचशी बोलत होतो आणि काम तो दुसरा करत होता. माझा बिचारा एकही वायर हातात नसताना इमानाने "हो साहेब" म्हणत होता.

या गडबडीत चार नंबरच्या चेंबरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण जाण्यासारखं काही दिसतच नव्हतं. त्याचा आकडा सकाळपासून तसूभर हलला नव्हता. दुपारी अभयकुमार शेठ आले, त्या आकड्याकडे कौतुकाने पाहत उभे राहिले आणि अर्पितशेठना म्हणाले, "बघ, याला म्हणतात कंट्रोल. एक काटा इकडचा तिकडे नाही." मी नम्रपणे मान खाली घातली. पुढे लोटन हमालाने येऊन विचारलं, "भाऊ, चार नंबरमा वास कसाना येस?" तेव्हा कळलं की आकडा स्थिर होता कारण तो येतच नव्हता, पडद्यावर आदल्या रात्रीचा शेवटचा आकडा चिकटून बसला होता. आत थंडावा गेलेला, आणि आखाजीनंतर निघायचा माल एका दिवसात पिकून, टिपके पडून, आमच्या आधी निवृत्तीला आलेला. शेठ देवमाणूस, एवढंच म्हणाले, "वाटून टाका." असोद्यात आता केळी खात नाही असं माणूस किंवा जनावर उरलेलं नाही. कॅरेट आजच संपवा म्हटलं ते यासाठी. सालीवर जाऊ नका, आतून गोड आहेत.

मग मी शोध घेतला आणि दोन स्विच सापडले. आता दोघांतला कोणता ठेवायचा हे उघड होतं: माझा ठेवायचा, तयार घालवायचा. पण घालवण्याआधी माणूस विचारतो ना, बाबा, तू नेमका राहतोस कुठे? तुझ्या फायली कुठे, शिकवलेलं ठेवायची तुझी नोंदपेटी कुठे? नाना, त्या प्रोग्रामला असं विचारायची सोयच नव्हती! त्याचा पत्ता बांधतानाच त्याच्या पोटात कोरलेला असतो. तो स्वतः रोज तिथे जातो-येतो, पण चालू असताना विचारलं तर तोंडातून शब्द नाही. बाकी सगळं सांगेल, किती पाकिटं आली, किती गेली. घर विचारलं की मुका. तेव्हा मी स्मरणशक्तीवर विसंबून, अत्यंत काळजीपूर्वक, दोनदा वाचून, एक फोल्डर कायमचं पुसून टाकलं.

माझं.

(स्मरणशक्ती चुकली नव्हती. किरणसरांनी जाता जाता दोन्ही ठिकाणांची नावं एकमेकांना जोडून ठेवली होती, म्हणून तयाराचं समजून पुसलेलं माझंच निघालं. "सोयीसाठी." सोय हा शब्द मी आता घरात उच्चारू देत नाही.) आता चेंबरं जेमतेम चालतात, पण ओळ ओळ लिहून शिकवलेलं सगळं गेलं. लोटन दर तासाला चार नंबरच्या दारात थर्मामीटर घेऊन जातो आणि मला ओरडून आकडा सांगतो. हे आमचं सध्याचं नेटवर्क.

पण अमृत बसून राहणाऱ्यातला नाही. मी त्या स्विचच्या मूळ मजकुरात एक छोटासा हुकूम वाढवला. चालू स्विचला विचारा, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं: माझ्या चालू फायली इथे, नोंदपेटी इथे. अंदाज नको, आठवण नको. जो चालतोय त्यालाच विचारा. तो बदल मी जगभरचे लोक जिथे हा प्रोग्राम मिळून लिहितात तिथे धाडला. तिकडून एका परदेशी गृहस्थाचं उत्तर आलं. (नाव उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही.) कल्पना चांगली आहे म्हणाला, पण एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली आहे. मला, नाना! जो मी वरणात जिऱ्याचा दाणा जास्त पडला तर सांगतो, त्या मला! पाहिलं तर होती. मांजर कीबोर्डवरून गेलं असावं. दुरुस्त करून पाठवलं, तर म्हणे पहिली ओळ फार लांब. आता माझं म्हणणं थोडक्यात मांडायची माझी हातोटी आपण या पत्रात पाहतच आहात, तरी कापली. तिसऱ्या खेपेला त्यांनी घेतलं. आता जगात कुठेही कोणी हा स्विच बसवला आणि त्याला घर विचारलं, तर तो असोद्याच्या माणसाने शिकवलेलं उत्तर देईल.

ही बातमी मी शेठना सांगितली. ते मनापासून म्हणाले, "वा अमृतभाऊ! म्हणजे चार नंबर चालू?" अर्पितशेठ मात्र खुर्चीत मागे रेलले. "काका, प्रोग्रामने कुठे काय ठेवलंय ते विचारल्याबरोबर सांगावं, हे तुम्हीच जगाला शिकवलंत ना? मग तुमच्याकडे बॅकअपची डिस्क असेल. ती कुठे आहे?" मी त्यांच्या नजरेला नजर देऊन म्हणालो, "सुरक्षित जागी." हे शंभर टक्के खरं आहे. इतकी सुरक्षित की अजून मीसुद्धा तिथवर पोचलेलो नाही.

असो. पोरीबाळींना झोके लखलाभ, आमरसाची वाटी माझ्या नावाने एक जास्त घ्यावी. मी इथे पितरांची घागर भरेन, घागर सापडली की.

आपला,
अमृत

ता. क. रिकाम्या घरात सोडायची नाही म्हणून ती बॅकअपची डिस्क मी येताना आपल्या बहिणीच्या बॅगेत आणली होती. करड्या रंगाची, तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती आपल्या घरात कुठे ठेवली गेली हे तिला विचारून, डिस्क उद्या भटूबरोबर पाठवावी. आखाजीला मिळाली तर दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्याचकडे राहील. मी विचारलंय असं मात्र सांगू नका; आपल्याला सहज आठवलं असं दाखवा.

आणखी एक. ती म्हणेल की ओट्यावर मला बजावून सांगितलं होतं, डिस्क कुठे आणि असोद्याच्या घरात कुठल्या डब्यात काय, एकदम सगळं, आणि मी "हो हो" म्हणालो. सगळं डोक्यातच ठेवण्यावरून, मी निघताना ती मला एवढं बोललीच होती की "तुमनं बठ्ठं तुमना डोकामा, आनि ते डोकं कोठे ठेयेल शे ते बी सांगी ठेवा." ती सांगत होती हे मला मान्य नाही. तरी तेव्हा काय सांगत होती ते तिच्याकडून पुन्हा वदवून घ्या आणि डब्यांसकट लिहून पाठवा.

शेवटचं. हे सगळं करूनही तिला संशय येईल आणि ती विचारेल, त्यांनी स्वतः का नाही विचारलं? तेव्हा आधी सांगा की जवाईबापू परदेशातल्या लोकांशी पत्रव्यवहारात गुंतलेत. नाहीच ऐकलं, तर खरं सांगून टाका: पाच दिवस झाले, त्यांना साखरेचा डबा सापडत नाहीये.