चालत वाजवलेलं

बाबा, आज सकाळी मी एका कंपनीला नाही म्हणून कळवलं. तुला यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून सांगते. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी सीवूड्सच्या या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत रेकॉर्ड काढायला लागले. माझी कंपनी म्हणजे मी, एक टेबल आणि भिंतीला लावलेले खोके. खोक्यांत तबकड्या आहेत. गाणं एकीवरही नाही, नुसती वाद्यं. आपल्या खाडीकाठच्या गावांत हळदीला आणि वरातीला वाजतात ते बँड. घेणारे थोडे आहेत. बहुतेकांची नावं मला पाठ आहेत, कारण पार्सलवर पत्ते मीच लिहिते.

पहिली तबकडी करताना माझं चुकलं. तुझ्या बँडमधली उरलेली माणसं मी वाशीच्या एका स्टुडिओत नेली, खुर्च्यांवर बसवली, प्रत्येकापुढे माइक ठेवला. सगळे सुरात होते आणि सगळं मेलेलं होतं. तुझ्यासोबत ढोल वाजवायचे ते काका मध्येच उठून उभे राहिले. मी म्हटलं, "काका, बसून वाजवा ना, आवाज नीट येतो." ते म्हणाले, "बसून जेवतान गो. वाजवतान का कवा?" मग आम्ही स्टुडिओ सोडला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मधोमध माइक लावले आणि सगळे खांबांमधून चालत वाजवू लागले, गावात एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायचे तसे. क्लॅरनेट जवळ येतं, समोरून जातं, लांब जातं. खाली चपला घासतात. वॉचमनने गेट सताड उघडून ठेवलं. त्याला वाटलं, नवरा यायचाय. तबकडी निघाल्यावर कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, आवाज डावीकडून उजवीकडे सरकतो, माझा स्पीकर बिघडलाय का? मी कळवलं, स्पीकर ठीक आहे, माणसं पुढे गेली.

हे मला आधीच कळायला हवं होतं. आपल्या स्वयंपाकघरात तू क्लॅरनेटच्या तोंडाशी लावायची पात वाटीतल्या पाण्यात भिजत घालायचास आणि आई म्हणायची, ही वाटी आता बँडलाच देऊन टाक. मी शाळकरी, ओट्यावर बसून वाजवते आहे. तू उभा राहून ऐकतोस. "सूर बरोबर हाय," तू म्हणतोस. "पन तू चाललीस कुठं?" मला वाटतं, तू चिडलास. तू क्लॅरनेट माझ्या हातून काढून घेतोस आणि शेगडीपासून मोरीपर्यंत वाजवत जातोस, परत येतोस. आई परात उचलून बाजूला होते, जणू खरंच कुणी यायचं आहे.

मी नाही कळवलं त्या कंपनीचा माणूस तरुण होता, बोलायला गोड. त्यांना माझं सगळंच रेकॉर्डिंग हवं होतं, कायमचं. पैसे इतके होते की खोके आवरून मी मोकळी झाले असते. लोक हल्ली झोपण्यासाठी फोनवर वाद्यं लावतात, त्यासाठी त्यांना ते हवं होतं.

"फक्त ते चपलांचं काढावं लागेल मॅडम. टेन्शन नका घेऊ, आमची टीम करेल."

"का?"

"झोपताना माणूस दचकतो."

"दचकू दे की. दारात वरात आलीय."

तो हसला. मी वाजवणाऱ्यांच्या नावांचं विचारलं.

"नाव कोण बघतंय मॅडम? पब्लिक मूड बघते. आणि खरं सांगू? पुढे हे असलं सगळं मशीनच बनवणार, पाहिजे तेवढं. आत्ता घेणारा आहे, तर देऊन टाका."

नाव कोण बघतंय. मी लहान असताना मुंबईच्या कुणीतरी तुमची एक कॅसेट काढली होती. वर गुलाबाचं चित्र, नाव एकाचंही नाही. त्यानंतर आपण आत्याकडच्या हळदीसाठी वाशीच्या मार्केटात कांद्याचं पोतं आणायला गेलो. एका ट्रकमध्ये तीच कॅसेट लागली होती. तू थांबलास. ड्रायव्हर म्हणाला, "भारी वाजवलंय ना? कोण आहे काय माहीत." मी तुझा हात ओढला. तू म्हणालास, "असंल कोनी," आणि पोतं खांद्यावर घेतलंस. घरी मी विषय काढला तेव्हा म्हणालास, "वाजवलं तवाच संपलं."

बाबा, मी हे तेव्हा मानलं नाही, आताही मानत नाही. जे वाजलं ते कुणीतरी वाजवलं. माझ्या कव्हरवर झांजवाल्याचंसुद्धा नाव आहे. तुझ्या नम्रपणावर दुसऱ्यांचे धंदे झाले. माझ्यावर होणार नाहीत. मशीनला बनवायचं तर बनवू दे. ते बसून बनवेल. कुणाच्या दाराकडे ते निघालेलं नसेल. आणि घेणारे कमी झाले तर मी कमी काढेन. एकच उरला, तर एक पार्सल बांधेन.

कळवण्याआधी मी सगळ्यांना विचारलं, कारण पैशात त्यांचा वाटा होता. काका म्हणाले, "चपला माज्या हायेत. त्या कशाला काढतान?" तुझ्या जागी आता क्लॅरनेट वाजवतो तो पात काढून पुसत राहिला. त्याच्या घराचा स्लॅब पैशांअभावी अडला आहे, हे मला माहीत होतं आणि मी जाणते, हे त्याला माहीत होतं. शेवटी म्हणाला, "कव्हरवर नाव र्‍हाऊ दे." मी घरी येऊन दोन ओळींत नकार लिहिला. कारण दिलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. नकार गेल्यावर मी फोन टेबलावर समोर ठेवला आणि दुपारभर कंपनीच्या त्या पोराच्या कॉलची वाट पाहिली. आला असता तरी नाहीच म्हटलं असतं. पण वाट पाहिली.