फळ्यावर पल्लवीचं नाव

१४ जून २००३
पल्लवी पुण्याहून आली. माझी नात. विद्यापीठात, संज्ञापन विभागात, एम.ए.ला पहिली. प्रबंधही विभागात सर्वांत चांगला ठरला. विषय आमच्या कॉलनीतला विहाराबाहेरचा फळा. कोण लिहितं, कोण वाचतं, बातमी कशी पसरते. इतकी वर्षं लिहिणारा मी. सातवी पास माणसाच्या अक्षरावर एवढी पानं. पेढा खाल्ला, चव कळली नाही. बी.पी.ची गोळी घेतली का, आठवेना.

१५ जून
हैदराबादहून पीएच.डी.साठी बोलावणं आहे. उत्तर महिनाअखेरीस द्यायचं आहे. तिचे आईवडील मनमाडला, त्यांची हरकत नाही. ही म्हणते, "आजोबा, तुम्ही जा म्हणाल तरच जाईन."
आजी गेल्यापासून दर शनिवारी येते. हैदराबादहून कसली येते. म्हणालो, बघू.

१७ जून
म्हणते, निकाल तुमच्या हातानं फळ्यावर लिहा, फोटो विभागात द्यायचा आहे. तिच्या आजीची बातमी लिहिली, त्यानंतर खडू धरलेला नाही. आता दुसराच कोणी लिहितो. अक्षर वाकडं. गॅस बंद केला का, पुन्हा पुन्हा उठून पाहिलं.

१८ जून
लिहिलं. हात सवयीनं चालला. वर मधोमध ठळक नाव, नावाभोवती चौकट, खाली बारीक मजकूर. चौकट आम्ही फक्त मयताच्या नावाला काढतो. घरी आल्यावर लक्षात आलं. परत गेलो नाही. उद्या पुसू.

१९ जून
पुसायच्या आधीच शेजारची कांताबाई दारात. पांढरी साडी, हातात मेणबत्त्यांचा पुडा, रडतच. मागे आणखी बायका. दार पल्लवीनंच उघडलं.
"अगं बये, तू तर इथं हायेस. मग आम्ही सकाळधरनं चहाबी न पिता रडतोय ते कुणासाठी?"
"मावशी, खालचं वाचलं नाही का?"
"चौकट दिसल्यावर खालचं कोण वाचतं?"
पल्लवी हसून हसून खाली बसली. हे प्रबंधात यायला हवं होतं म्हणाली. चहा मी टाकला. मला हसूही आलं नाही, रडूही.
जाताना कांताबाई म्हणाली, "दादा, पाठवा आता हिला. मेली म्हणून रडून झालं, जातेय म्हणून रडायला काय लागतंय?"

२६ जून
पल्लवी विचारत नाही. जेवताना नुसती बघते. बोलायला गेलो की उठून तांब्या भरतो. तिकडचं पाणी कसं असेल. एकटी आजारी पडली तर...

२९ जून
ती दळण आणायला गेली तेव्हा विहारापाशी गेलो. फळा पुसला. लिहिलं, कु. पल्लवी ही पुढील शिक्षणासाठी हैदराबादला जात आहे. या वेळी चौकट आखली नाही. 'हैदराबाद' ओळीखाली उतरलं.
गिरणीची वाट फळ्यावरूनच आहे. ती घरी आली. पिठाचा डबा ओट्यावर ठेवला. माझ्याकडे न बघता आत गेली. वाचलं की नाही, कळेना.
मोरीत हात धुते आहे. बराच वेळ झाला, पाणी चालूच आहे.